रेसचा पैसा व मंदिराचें छप्पर

घोड्यांची शर्यत पाहण्यांत एक दिवस घालविणें हें पाप आहे काय? खेड्यापाड्यांतील आपल्या मंडळ्यांस हा प्रश्न फार दूरचा वाटेल. आम्हांसही तो तसाच वाटत होता. परंतु सन २०२४ च्या फेब्रुवारी महिन्यांत तो आमच्या मंदिराच्या दारांतच येऊन उभा राहिला, व त्याचें उत्तर दिल्यावांचून आमची सुटका होईना.

गोष्ट अशी घडली. आमच्या मंडळींतील एक गृहस्थ मुंबईस टॅक्सी चालवितात. बायको व दोन मुलें गांवींच असतात. त्या महिन्यांत ते घरीं आले असतां रविवारची उपासना आटोपल्यावर त्यांनीं खजिनदारांच्या हातांत वीस हजार रुपये ठेविले व म्हटलें, "हे मंदिराच्या छपरासाठीं." मंदिराचे पत्रे दोन पावसाळे गळत होते, आणि छपराच्या निधींत सहा हजारांवर शिल्लक नव्हती. पैसा कोठून आला असें कोणीं विचारलें नव्हतें. परंतु हे गृहस्थ मनाचे सरळ. त्यांनीं आपण होऊनच सांगितलें कीं, महालक्ष्मीच्या रेसमध्यें घोडा लागला, त्यांतून हें दान आहे.

त्याच सायंकाळीं पंचांची सभा भरली. एक वडील म्हणाले, "पत्रा कोणत्या पैशाचा आहे हें पाऊस विचारणार नाहीं. देणारानें मनापासून दिलें आहे, आपण घ्यावें." दुसऱ्यांनीं यहूदाच्या तीस रुप्यांची आठवण दिली व असा पैसा देवाच्या भांडारांत घालूं नये असें सांगितलें. तिसरे आमचे वृद्ध निवृत्त शिक्षक. ते बराच वेळ गप्प होते. शेवटीं त्यांनीं इतकेंच विचारलें, "आपणांपैकीं कोणीं रेस पाहिली आहे काय? न पाहिलेल्या गोष्टीचा निवाडा आपण कसा करणार?" कोणींच पाहिली नव्हती. तेव्हां पैसा खजिनदारांकडे तसाच वेगळा ठेवावा व पाळकांनीं एकदां जाऊन पाहून यावें, असें ठरलें. अशा रीतीनें, जेथें जाण्याचें स्वप्नांतही आलें नव्हतें तेथें पंचांच्या आज्ञेनें आमचें जाणें झालें.

मार्चचे दिवस होते. फाल्गुन लागला होता. एका गुरुवारीं दुपारीं ह्या गृहस्थांबरोबरच आम्ही महालक्ष्मी स्टेशनावर उतरलों. मुंबईंत पूर्वीं शर्यती भायखळ्यास होत. महालक्ष्मीचें मैदान १८८३ सालीं तयार झालें. भोंवतालीं उंच उंच इमारतींची दाटी, आणि मध्यें एवढें हिरवेंगार विस्तीर्ण गवत! त्या शहरांत असें मोकळें आकाश क्वचितच दृष्टीस पडतें. पश्चिमेकडून हाजीअलीच्या बाजूचा समुद्राचा वारा येत होता. आम्ही दाराशीं पोहोंचलों तेव्हां तेथें सैतानाचा बाजार दिसेल अशी आमची कल्पना होती. खरें सांगावयाचें तर आम्हांस तेथें फार प्रसन्न वाटलें.

शर्यतीच्या अगोदर घोडे एका वर्तुळाकार कुंपणांत फिरवून लोकांस दाखवितात. आम्ही त्या कुंपणाशीं जाऊन उभे राहिलों. एक कुमैत घोडा, कपाळावर पांढरा टिळा, अंगावर रेशमासारखी झाक, असा आमच्या समोरून गेला. त्याचा लगाम धरून चालणारा मोतद्दार एक सडपातळ तरुण होता. घोडा बिचकला कीं, तो त्याच्या मानेवर तळहात ठेवी व कांहीं तरी पुटपुटे, आणि तें जनावर शांत होई. ईयोबाच्या ग्रंथांत घोड्याचें जें वर्णन आहे त्यावर आम्हीं कित्येकदां उपदेश केला असेल. परंतु त्याचा अर्थ त्या दिवशीं प्रथम आमच्या डोळ्यांस कळला. ह्या जातीच्या सगळ्या घोड्यांची पितृवंशावळ सतराव्या शतकाच्या अखेरीस व अठराव्याच्या आरंभीं पूर्वेकडील देशांतून इंग्लंडांत नेलेल्या तीन घोड्यांपर्यंत पोहोंचते. इतक्या पिढ्यांची निगा, इतक्या माणसांची मेहनत, मोतद्दाराचें पहांटे उठणें, हें सर्व त्या चालींत दिसत होतें.

पहिल्या दोन शर्यती आम्हीं केवळ पाहिल्या. दूरच्या बाजूस रंगीबेरंगी ठिपके हलूं लागतात, वळणावर ते दाट होतात, आणि मग टापांचा आवाज अगोदर पायांखालच्या जमिनींतून व मागाहून कानांनीं ऐकूं येतो. चार श्वास घ्यावे इतक्यांत सर्व समोरून निघून जातें. पहिला कोण आला हें आमच्या लक्षांतही राहिलें नाहीं. सर्वच सुंदर धांवले असें वाटलें. आपल्याकडील बैलगाड्यांच्या शर्यतींत बैल उधळतात तेव्हां म्हातारे शेतकरी उभे राहून टोप्या उडवितात. त्यांच्या मनांत जें असतें तेंच आमच्याही मनांत होतें. हा आनंद निष्पाप होता असें आम्ही आजही म्हणतों. स्वतः पौलानेंही करिंथकरांस लिहितांना मैदानांतील धांवणाऱ्यांचा दाखला घेतला आहे. ज्या खेळाची त्यास घृणा असती त्याचा दाखला त्यानें घेतला नसता.

आतां आमच्या स्वतःच्या लाजेची गोष्ट सांगावयाची आहे. तिसऱ्या शर्यतीच्या वेळीं आम्हीं मनांतल्या मनांत एक घोडा निवडला. खिशांत हात घातला नाहीं, तिकीट घेतलें नाहीं, सोबतच्या गृहस्थांसही सांगितलें नाहीं. तोच टिळ्याचा कुमैत, पांच नंबरचा. तेवढ्यानें सगळें पालटलें. ह्या खेपेस आम्हीं शर्यत पाहिली नाहीं. आम्हीं पांच हा आंकडा पाहिला. वळणावर दुसरा एक घोडा अडखळला आणि त्याचा जॉकी मानेवरून खालीं पडतो कीं काय असें झालें. त्या क्षणीं आमच्या मनांत पहिला विचार कोणता आला? "बरें झालें, एक कमी झाला!" हाच. सुदैवानें तो तरुण सांवरला. आमचा घोडा पहिला आला. आणि फलकावर आंकडे झळकतांच, शंभर रुपये लावले असते तर किती मिळाले असते ह्याचा हिशेब आम्हीं मनांत पुरा करून टाकिला. वीस वर्षें उपदेश करणाऱ्या माणसास एवढ्यासाठीं तीन मिनिटें पुरलीं.

वाचकहो, ज्यावर विचार करावयाचा तो मुद्दा आम्हांस येथेंच सांपडला. शर्यत एकच, घोडे तेच, वाराही तोच. परंतु पैज लागतांच, नुसती मनांत लागतांच, डोळ्यांपुढून घोडा नाहींसा झाला व माणूसही नाहींसा झाला. उरला तो आंकडा. पैजेचा दोष केवळ खिसा रिकामा होण्यांत नाहीं. आम्ही तर मनांत जिंकलों होतों, आणि जिंकतांनाच आंधळे झालों होतों.

परतीच्या वाटेवर आमच्या सोबत्यांनीं आपली बाजू मांडली. ती हंसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, म्हणून तिचा विचार येथें क्रमानें करितों.

त्यांचें पहिलें म्हणणें असें कीं, हा जुगार नव्हे, हें कौशल्य आहे. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तामिळनाडूच्या एका खटल्यांत घोड्यांच्या शर्यतींत मुख्यतः कौशल्य असतें, दैव नव्हे, असा निर्णय दिला, हें त्यांस तोंडपाठ होतें. हा निर्णय आम्ही मानतों. घोड्याचा वंश, त्याच्या मागील शर्यती, अंतर, जॉकी ह्यांचा अभ्यास करणारा अडाण्याहून अधिक वेळां बरोबर येईल. परंतु तेथील व्यवस्था नीट पाहावी. पुष्कळशा शर्यतींत जो घोडा अधिक चांगला त्याच्या पाठीवर अधिक वजन घालितात. उणें पडल्यास जिनाबरोबर शिशाच्या पट्ट्या ठेवितात. हेतु हा कीं, सर्वांस सारखी संधि मिळावी व निकाल अगोदर कळूं नये. म्हणजे ज्ञानी माणसाच्या ज्ञानाचा जितका उपयोग कमी होईल तितकी शर्यत चांगली! शिवाय पैशाची रीत पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पॅरिसमध्यें जोझेफ ओलर नांवाच्या गृहस्थानें जी पद्धत काढिली तीच आज टोटवर चालते: सर्वांचा पैसा एका ठिकाणीं गोळा करावा, त्यांतून खर्चाचा व कराचा भाग काढून घ्यावा, व उरलेला जिंकणारांस वाटावा. समजा, शंभर माणसांनीं शंभर-शंभर रुपये लाविले. दहा हजार झाले. त्यांतून तीन हजार काढिले गेले असें धरूं. जिंकणारे दहा असतील तर प्रत्येकास सातशें मिळतील, आणि नव्वद माणसें रिकाम्या हातानें घरीं जातील. सगळेच शंभर जाणते झाले व सर्वांनीं तोच घोडा धरिला, तर प्रत्येकास सत्तर रुपये परत मिळतील. म्हणजे सर्व जाणते मिळून हरतील. तात्पर्य, एकाचें कौशल्य दुसऱ्याच्या अज्ञानावर पोसलें जातें. न्यायालयानें ह्यास कौशल्य म्हटलें तें योग्यच. परंतु तें कौशल्य कोणाविरुद्ध चालतें हा प्रश्न न्यायालयापुढें नव्हता. तो आपल्यापुढें आहे.

दुसरें म्हणणें आमच्या शेतकरी वाचकांस विशेष लागू आहे. ते म्हणाले, "पाळकसाहेब, शेती हासुद्धां जुगारच कीं! बी मातींत टाकावें आणि ढगाकडे पाहात बसावें. कांद्याचा भाव पडला कीं संपलें." ह्यावर आम्हांस लगेच उत्तर सुचलें नाहीं, कारण धोका दोहींकडे आहे हें खरें. परंतु मग ध्यानांत आलें कीं, शेतकऱ्याचें पीक येतें तेव्हां जगांत पूर्वीं नव्हतें तें धान्य येतें. एका पायलीच्या पोटीं अनेक पायल्या होतात, व त्यांतील घांस शेजाऱ्याच्याही मुखीं पडतो. त्याच्या पिकासाठीं शेजाऱ्याचें शेत जळावें लागत नाहीं. टोटच्या खिडकीवर मात्र एक दाणाही नवीन उगवत नाहीं. जें एकाच्या हातीं येतें तें दुसऱ्याच्या हातांतून गेलेलें असतें, आणि तेंही वाटेंत घटून. जॉन वेस्लीनें पैशाच्या उपयोगावरील आपल्या प्रसिद्ध उपदेशांत हाच नियम घातला आहे: मिळवितां येईल तितकें मिळवा, परंतु शेजाऱ्याची हानि करून नव्हे, आणि जुगारानें शेजाऱ्याचें शेतघर गिळणें त्यानें त्या हानींतच गणिलें आहे. धोका पत्करणें पाप नव्हे. शेजारी हरावा अशी इच्छा धरूनच ज्या धोक्यांत उतरावें लागतें, तो धोका प्रीतीच्या नियमाशीं जुळत नाहीं.

तिसरें म्हणणें: "पैसा माझा आहे, सरकार त्यावर कर घेतें, मग पाप कसलें?" कर खराच आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर शेंकडा २८, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा ४० अशी कराची चढती कमान आहे. परंतु सरकार तंबाखूवरही कर घेतें. कराची पावती म्हणजे सदाचाराचा दाखला नव्हे. आणि "पैसा माझा" ह्या शब्दांविषयीं आपल्या देशांतील जुन्या कथा पुरेशा आहेत. युधिष्ठिरानें द्यूतांत काय काय आपलें म्हणून लाविलें हें लहान मुलेंही जाणतात. नलाची कथा तर आमच्या विषयास फारच जवळची आहे. राज्य हरून वनांत गेलेला नल घोड्यांची विद्या जाणत होता. ऋतुपर्णानें त्यास फांशांचें रहस्य शिकविलें व मोबदल्यांत त्याच्याकडून अश्वविद्या घेण्याचें ठरविलें. घोडे आणि फांसे ह्यांची सांगड आपल्याकडे इतकी जुनी आहे! परंतु त्या कथेंत नल काय हरला ह्याहून वनांत एकटी टाकलेली दमयंती आपल्या मनांत अधिक राहते. पैज लावणारा एकटा असतो. हरणारा एकटा कधींच नसतो.

आमच्या गांवची दमयंती कोण हें आम्हांस गांवीं परत आल्यावर कळलें. त्या गृहस्थांची पत्नी आमच्या घरीं आली व ओटीवर बसून म्हणाली, "पाळकसाहेब, तुम्ही तो पैसा घ्या. मंदिराच्या छपराला लागला तर निदान परत घोड्यावर तरी जाणार नाहीं." मग तिनें हळूहळू सांगितलें. वीस हजार आले ते मंडळीनें पाहिले. गेले किती तें तिनें एकटीनें पाहिलें होतें. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागें तिनें पेन्सिलीनें तीन वर्षांचा हिशेब लिहून ठेविला होता. वाण्याकडे उधारी थकली होती. ज्या शिवणयंत्रावर ती शेजारणींचे कपडे शिवून चार पैसे मिळवी, तें यंत्र गहाण पडलें होतें. हें सर्व सांगतांना तिनें नवऱ्यास एकही कठोर शब्द वापरला नाहीं. "स्वभावानें चांगले आहेत," एवढेंच दोनदां म्हणाली.

आम्ही रात्रभर विचार करीत होतों. यहूदाचे रुपये मुख्य याजकांनीं भांडारांत घेतले नाहींत, हें आमच्या पंचांनीं बरोबर सांगितलें होतें. परंतु तीच गोष्ट पुढें वाचली तर भय वाटतें. त्या याजकांनीं रुप्यांची शुद्धाशुद्धता मोठ्या काळजीनें पाहिली. रुपये फेंकून निघून गेलेल्या माणसाच्या मागें मात्र कोणी धांवलें नाहीं. आम्हीही वीस हजार परत करून हात धुवावे, आपलें छप्पर पवित्र राखावें, आणि माणूस जाऊं द्यावा काय? उलट पैसा घ्यावा, तर रविवारच्या शाळेंतील मुलें वर पाहून काय शिकतील? देवानें घोड्याकरवीं पत्रे पाठविले हेंच! आणि त्यांतील एखादा उद्यां दानाच्या नांवाखालीं आपली पहिली पैज लावील.

तेव्हां आम्हांस जक्कयाची आठवण झाली. त्यानें अन्यायानें घेतलेलें चौपट परत केलें. परंतु रेसमधील हरणारांचीं नांवें कोणास ठाऊक? ज्या अनोळखी माणसांच्या खिशांतून ते वीस हजार आले त्यांस शोधणें मनुष्यास शक्य नाहीं. तथापि एक हरणारी व्यक्ति अशी होती कीं, जिचें घर आम्हांस ठाऊक होतें व जिचा हिशेब लिहिलेला होता.

दुसऱ्या दिवशीं पंचांसमक्ष आम्हीं त्या गृहस्थांस बोलाविलें व सांगितलें, "मंडळी तुमचें दान नाकारीत नाहीं, तुम्हांसही नाकारीत नाहीं. परंतु हा पैसा अगोदर जेथून गेला तेथें परत गेला पाहिजे. यंत्र सोडवा, उधारी फेडा. मग टॅक्सीच्या मजुरींतून दहा रुपये दिलेत तरी मंडळी तें दान आनंदानें घेईल." त्यांस फार राग आला. "देवाला दिलेलें तुम्ही बायकोला द्यायला सांगतां!" असें म्हणून ते उठले. बराच वेळ ते अंगणांत उभे होते. वृद्ध शिक्षक काठी टेकीत बाहेर गेले व त्यांच्याशेजारीं कांहीं न बोलतां उभे राहिले. शेवटीं ते दोघे मिळूनच वाण्याकडे गेले.

यंत्र घरीं आलें. छप्पर त्या पावसाळ्यांतही गळलें. आम्हीं बांक एका बाजूस सरकवून उपासना केली, व पुढील वर्षीं मंडळीच्या वर्गणीनें व श्रमदानानें तें काम झालें. ते गृहस्थ रेस सर्वस्वीं सुटली असें म्हणत नाहींत. कधीं कधीं पाय तिकडे वळतात, असें ते आम्हांस स्वतः सांगतात. आणि ज्या आठवड्यांत वळले नाहींत तेंही सांगतात. आम्ही त्यांचे न्यायाधीश नाहीं. तिसऱ्या शर्यतीच्या वेळीं आमच्या मनांत काय चाललें होतें हें आम्हीं त्यांस सांगितलें आहे, व तेव्हांपासून आमचें बोलणें अधिक मोकळें झालें आहे.

आतां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर. वसंताच्या दिवशीं मोकळ्या मैदानांत उभें राहून देवानें निर्मिलेलें एक बलवान् जनावर धांवतांना पाहणें, हें पाप नव्हे. ज्यास तें पाहून आनंद होत नाहीं त्याचीच आम्हांस कींव येते. परंतु त्या आनंदास पैजेची जोड देतांच आनंदच निघून जातो. जनावर आंकडा होतें, आणि शेजारी अडथळा होतो. ही कसोटी रेसपुरतीच आहे असें कोणीं समजूं नये. आपल्या गांवांत रेसकोर्स नाहीं. परंतु मटक्याचे आंकडे आहेत, शर्यतींतल्या बैलांवर लागणारा पैसा आहे, आणि प्रत्येक तरुणाच्या खिशांत मोबाईल आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांवर २०२५ सालीं संसदेनें बंदीचा कायदा केला. परंतु मनांतल्या पैजेस कोणताही कायदा पोहोंचत नाहीं. म्हणून प्रत्येकानें आपणांसच विचारावें: ह्या खेळांत मी जिंकावें म्हणून कोण हरावा अशी माझी इच्छा आहे? त्याचें नांव मला ठाऊक आहे काय? आणि मी हरलों तर माझ्या घरीं कॅलेंडरच्या पाठीमागें तो हिशेब कोण लिहील?